येऊ द्या, येऊ द्या… बास!

इंग्रजीत पुढे जाणाऱ्याला फारसं कोणी अडवत नाही. ‘प्रोग्रेस’ म्हटलं, ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हटलं की त्याची वाट मोकळी. मागे येणाऱ्याची मात्र ही भाषा कसून चौकशी करते. चालत आलास की घसरत? आपण होऊन आलास की कोणी ओढून आणलं? होतास तिथेच थांबलास की त्याच्याही मागे गेलास? जसं उत्तर, तसा शब्द. रिटर्न, रिव्हर्ट, रिग्रेस, रिलॅप्स, रिसीड, रिट्रीट, रिट्रेस, बॅकट्रॅक, बॅकस्लाइड… नाशिकरोडला संध्याकाळी कामावरून सुटलेल्या लोकांना मी इंग्रजी शिकवते. तिथे हे शब्द फळ्यावर लिहिले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. “मॅडम, सगळ्यांचा अर्थ परत येणंच ना? मग एकच पाठ करतो की!”

एकावर भागलं असतं तर मलाही हवंच होतं. पण पंचाईत सुरू होते ती ‘रिव्हर्ट’पासून, कारण तो वर्गात येण्याआधीच सगळ्यांचा पाठ असतो, आणि तोही वेगळ्याच अर्थाने. सातपूर-अंबडच्या कुठल्याही ऑफिसातून निघालेली मेल उघडा, शेवटी ‘प्लीज रिव्हर्ट’ असतंच. म्हणजे उत्तर पाठवा. इंग्लंडातल्या जुन्या अर्थाने रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या अवस्थेला जाणं. भाडेपट्टा संपला की जमीन मूळ मालकाकडे रिव्हर्ट होते, कसणं सोडलं की शेताचं पुन्हा रान होतं. मी या ‘प्लीज रिव्हर्ट’वर लाल रेघ मारत नाही. सबंध देशाची ऑफिसं एखाद्या अर्थावर बिनतक्रार चालत असतील, तर निदान या देशापुरता तो अर्थ खराच झाला. फक्त ज्यांना परदेशातल्या गिऱ्हाइकाला लिहायचं असतं त्यांना सांगते, बाबांनो, तिथे साधं ‘रिप्लाय’ लिहा. नाहीतर तो बिचारा विचार करत बसेल, मी पूर्वी नेमका कसा होतो आणि यांना आता मी पुन्हा तसा का हवाय.

‘रिटर्न’ त्यामानाने सरळ. त्यातला ‘टर्न’ लॅटिनमधल्या ‘तोर्नारे’वरून आला, आणि तोर्नारे म्हणजे लेथवर फिरवणं. हे सांगितलं की आयटीआयमधून टर्नरचा ट्रेड केलेली पोरं एकदम ताठ बसतात. इतका वेळ इंग्रजी परक्याची असते, आता ती त्यांच्या शॉपफ्लोअरवर आलेली असते. आपल्याकडेही गोष्ट फार निराळी नाही. ‘परतणं’ म्हणजे मागे येणं, आणि परतणं म्हणजे कढईत उलथनं घालून खालची बाजू वर करणं. ज्या जिल्ह्यातून लासलगाव-पिंपळगावचा कांदा देशभर जातो, तिथे हे वेगळं शिकवावं लागत नाही. कांदाही परततो, माणूसही परततो, फिरवणं दोघांच्या नशिबी आहे.

आयकराचं ‘रिटर्न’ मात्र समजावून सांगावं लागतं. पैसे परत मिळतात म्हणून त्याला रिटर्न म्हणतात, असा ठाम समज असलेली माणसं दरवर्षी भेटतात. परत मिळतो तो रिफंड. रिटर्न म्हणजे वरून आलेल्या हुकुमाला खालून गेलेला जबाब. इंग्लंडात निवडणुकीचा हुकूमनामा शेरीफकडे यायचा, आणि निवडून आलेल्यांची नावं कळवून तो त्याने परत पाठवायचा. त्यावरूनच ‘रिटर्निंग ऑफिसर’. आपण त्याला निवडणूक निर्णय अधिकारी म्हणतो ते बरंच झालं. परत येणारा अधिकारी म्हटलं असतं तर पडलेल्या उमेदवारांना उगाच आशा लागली असती.

पण हे हलकंफुलकं झालं. खरी चौकशी पुढच्या शब्दांत आहे. ‘रिग्रेस’मध्ये पाऊल आहे, तेच पाऊल जे ‘प्रोग्रेस’मध्ये असतं. म्हणजे चालत मागे जाणं. ‘रिलॅप्स’मध्ये घसरण आहे. ‘रिट्रीट’मध्ये ओढणं आहे, ज्या लॅटिन धातूवरून ‘ट्रॅक्टर’ आला तोच. आणि सुटून आल्यावर पुन्हा गुन्हा करणाऱ्याला जो ‘रिसिडिव्हिस्ट’ म्हणतात, त्यात चक्क पडणं आहे. एकदा मी फळ्याचे दोन भाग केले. एकीकडे आपल्या मर्जीने मागे जाण्याचे शब्द, दुसरीकडे मर्जी नसताना मागे जाण्याचे. दुसरा भाग आधी भरला. त्यातही निम्मे दवाखान्यातले आणि कोर्टातले.

‘रिलॅप्स’ला मराठी काय, असं विचारल्यावर मागच्या बाकावरच्या एका बाई म्हणाल्या, “ताप उलटला.” शब्दकोशात इतकं नेमकं सापडणार नाही. आणि व्यसनाच्या बाबतीत? त्यावर तर वर्गात चढाओढच लागली. ये रे माझ्या मागल्या. पहिले पाढे पंचावन्न. आम्ही मराठी माणसं घसरलेल्याची चौकशी करत बसत नाही, त्याच्यावर म्हण टाकून मोकळे होतो. मला विचाराल तर यात इंग्रजी जास्त दयाळू आहे. ‘रिलॅप्स’ म्हटलं की दोष घसरणीवर जातो, म्हणीत तो माणसाला चिकटतो. व्यसनमुक्तीचं काम करणारे लोक मराठीत बोलतानाही ‘रिलॅप्स’च म्हणतात, ते मला योग्य वाटतं.

‘रिसीड’ शिकवायला मात्र मला पावसाळा लागतो. गोदावरीला पाणी आलं की नाशिकमध्ये क्युसेकचे आकडे फार थोडे लोक ऐकतात, बाकीचे दुतोंड्या मारुतीकडे बघतात. रामकुंडाशेजारी नदीच्या पात्रातच उभी असलेली ही मूर्ती, एक तोंड इकडे आणि एक तिकडे. पाणी मारुतीच्या गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, असा पूर मोजायचा. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की पेपरांच्या बातम्यांतही हेच माप येतं. 1969 चा पूर पाहिलेले म्हातारे 2008 च्या पुराशी त्याची तुलना करतात, 2019 मध्ये सराफ बाजारापर्यंत पाणी आल्यावर ती चर्चा पुन्हा रंगली. मग पाणी ओसरतं. रिसीड म्हणजे हे ओसरणं, ज्याला कोणी ओढत नाही, जे पडतही नाही, नुसतं कमी होत जातं. कपाळावरचे केस मागे हटतात तेही रिसीड होणं. बाजारपेठेतली मंदी ‘रिसेशन’ असते तीही त्याच कुळातली. आणि गंमत बघा, गोदावरी ओसरते तेव्हा ती मागे कुठे जात असते? पुढेच, नांदूरमध्यमेश्वरकडे. काठावर उभ्या असलेल्या माणसाला पाणी मागे हटल्यासारखं वाटतं, पाण्याला स्वतःला विचारलंत तर ते वाट चुकलेलं नाही. मारुतीला दोन तोंडं कुणी का दिली मला ठाऊक नाही, पण पूर मोजायला तीच मूर्ती असावी हे मला आवडतं.

इथपासून माझा या शब्दांकडे बघण्याचा रोख बदलला. मागे म्हणजे कुठे, हे कोण ठरवतं?

पिंपळगावच्या बाजार समितीत ट्रक मागे घेताना कधी ऐका. क्लीनर ट्रकच्या मागे उभा असतो, हाताने बॉडीवर थाप मारतो आणि ओरडतो, “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या… बास!” ड्रायव्हर मागे जातोय, गिअर रिव्हर्सला आहे, पण क्लीनर म्हणतो ‘येऊ द्या’. कारण त्याच्याकडे येतोय ना. जिथे तो उभा आहे तिथून ही गाडी पुढेच येतेय. इंग्रजीत याच वेळी ‘बॅक अप’ म्हणतात, म्हणजे दिशा गाडीच्या तोंडावरून ठरते. आपल्याकडे ती हाक मारणाऱ्यावरून ठरते.

घरातून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो, तेही मला या क्लीनरच्या भाषेतलं वाटतं. उंबरठ्यावर उभी असलेली आजी ‘जातो’ म्हटलं की रागवायची. जाणारा स्वतःच्या तोंडाने बोलत नाही, घरात राहणाऱ्याच्या तोंडाने बोलतो. गणपतीला निरोप देतानाही आपण मागे या म्हणत नाही, पुढच्या वर्षी या म्हणतो. पुनरागमन आहे, पण ते पुढे आहे. विसर्जनाच्या मंत्रात देवांना जा म्हणताना शेवटी ‘पुनरागमनाय च’ येतं. जाणं हे परत येण्यासाठी, असा सरळ करारच आहे तो. आणि खेड्यात सासरहून आलेल्या लेकीला ‘माघारीण’ म्हणतात. माघार हा शब्द निवडणुकीत आणि लढाईत कमीपणाचा, पण लेकीच्या बाबतीत त्यात पुरणपोळी असते.

इंग्रजीला हा घोळ नाही असं मात्र समजू नका. तिचा सगळा घोळ कॅलेंडरात आहे. आमच्या वर्गातले निम्मे लोक कधी ना कधी त्यात सापडलेले असतात. मीटिंग ‘पुश बॅक’ झाली म्हणजे ती आधी झाली की नंतर? नंतर. मग ‘फॉरवर्ड’ झाली तर? बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘फॉरवर्ड’ केली, तर ती सोमवारी की शुक्रवारी, हा प्रश्न मानसशास्त्राच्या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्यांना मुद्दाम विचारून पाहिलाय. काही सोमवार म्हणतात, काही शुक्रवार, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे नुकताच रेल्वेचा किंवा विमानाचा प्रवास केलेली माणसं शुक्रवार जास्त म्हणतात. आपण काळातून पुढे चाललोय असं वाटलं की शुक्रवार, काळच आपल्याकडे चालत येतोय असं वाटलं की सोमवार. पुन्हा क्लीनर आणि ड्रायव्हरच.

आपल्या लोकांनी ही भानगड ‘प्रीपोन’ने मिटवली. पोस्टपोन आहे तर प्रीपोन का नको? ऑक्सफर्डच्या कोशातही त्याला जागा मिळाली आहे. इंग्रजीचे काही मास्तर अजून त्याच्या नावाने नाक मुरडतात. मी मुरडत नाही. ज्या भाषेतल्या लोकांना आपलीच मीटिंग सोमवारी की शुक्रवारी हे ठरवता येत नाही, त्यांना आपण एक स्पष्ट शब्द दिला, यात वाईट काय?

इगतपुरीचा विषय निघाला की ‘रिट्रीट’ येतो. तिथल्या धम्मगिरीवर 1976 पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. दहा दिवस मौन, फोन बंद. परदेशातून येणारे त्याला ‘रिट्रीट’ म्हणतात. आणि तिथून तासा-दीड तासावर देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण चालतं, जिथे रिट्रीट म्हणजे सैन्याची पिछेहाट. 29 जानेवारीला दिल्लीत जो ‘बीटिंग रिट्रीट’चा सोहळा होतो तो मात्र तिसराच प्रकार. पूर्वी संध्याकाळ झाली की नगारा वाजवून सैनिकांना छावणीत परत बोलवायचे, त्याची आठवण. हरून मागे येणं, दिवस संपला म्हणून मागे येणं आणि स्वतःला शोधायला मागे येणं, तिन्हींना एकच शब्द. एका विद्यार्थ्याने विचारलं, “मग इगतपुरीला गेलेला माणूस हरलेला असतो का?” मी म्हटलं, ते दहाव्या दिवशी त्यालाच विचार.

आता जरा आकाशात. सध्या आमच्या शहरात सगळं सिंहस्थाभोवती फिरतं. रस्ते, पूल, साधुग्राम, जमिनीचे भाव, सगळं. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ. मागचा 2015 साली झाला. या वेळी ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला, मुख्य स्नानं 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आणि समाप्ती थेट 24 जुलै 2028 ला. इतका लांब का, असं बरेच जण विचारतात. उत्तर इंग्रजीतल्या एका मागे जाणाऱ्या शब्दात आहे, ‘रेट्रोग्रेड’. आपल्याकडे वक्री. 31 ऑक्टोबरला गुरू सिंहेत शिरतो, मग वक्री होऊन 2027 च्या जानेवारीत पुन्हा कर्केत जातो, जूनअखेर परत सिंहेत येतो, नोव्हेंबरात कन्येत पाऊल टाकतो आणि 2028 च्या सुरुवातीला तिथूनही मागे फिरून पुन्हा सिंहेत. पाहुण्याने निरोप घ्यावा आणि चप्पल घालता घालता पुन्हा आत येऊन बसावं, असं दोनदा. शेवटी जुलैत कायमचा निघतो.

खरं तर गुरू कुठेच मागे फिरत नाही. सूर्याभोवतीची त्याची फेरी जवळपास बारा वर्षांची, म्हणूनच सिंहस्थही साधारण बारा वर्षांनी. पृथ्वी आतल्या रुळावर, जास्त वेगात. साधारण दर तेरा महिन्यांनी आपण गुरूला गाठतो आणि मागे टाकतो, तेव्हा जवळपास चार महिने तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उलटा सरकताना दिसतो. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये खिडकीशी बसलं आणि शेजारच्या रुळावर एखादी मालगाडी रमतगमत मुंबईकडेच चाललेली असली, तर ती मागे मागे जाताना दिसते, तसं. कोपर्निकसने 1543 मध्ये सूर्याला मध्ये ठेवला तेव्हा या वक्रीपणाचा उलगडा फार सोपा झाला. त्याआधी ग्रहांना वर्तुळावर वर्तुळं घालून नाचवावं लागायचं. ‘रेट्रोग्रेड’ हा शब्द आता माणसांच्या विचारांवर शिवीसारखा वापरतात, अमका कायदा रेट्रोग्रेड, तमका निर्णय रेट्रोग्रेड. दर वेळी तो वाचला की मला वाटतं, म्हणणाऱ्याने आधी आपली गाडी कुठल्या रुळावर आहे ते सांगावं. बऱ्याचदा तो बरोबरच असतो, तरीही सांगावं.

आणि मागे वळून पाहण्याला आपण सिंहावलोकन म्हणतो. सिंह चालता चालता मान वळवून मागचं बघतो म्हणून. इंग्रजीच्या ‘रिट्रॉस्पेक्ट’मध्ये नुसतं मागे पाहणं आहे, पाहणारा कोण ते नाही. सिंहस्थाच्या गावात मला सिंहावलोकनच बरं वाटतं.

आता देवळालीकडे यायलाच हवं, कारण नाशिकने इंग्रजीला दिलेला शब्द तिथला आहे.

आधी दुसऱ्या एका शब्दाची ओळख करून देते. 1688 मध्ये योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये एक प्रबंध लिहिला. घरापासून लांब असलेली माणसं, त्यांतही परदेशी नोकरीत असलेले स्विस सैनिक, झुरतात, जेवत नाहीत, तापाने फणफणतात, कधी मरतात, आणि घरी पाठवलं की बरे होतात. या आजाराला वैद्यकात नाव नव्हतं. होफरने दोन ग्रीक शब्द जोडले. ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं, ‘अल्गोस’ म्हणजे वेदना. नॉस्टॅल्जिया. आज आपण जुन्या रेडिओच्या किंवा शाळेच्या डब्याच्या आठवणीने हळवे होतो त्याला नॉस्टॅल्जिया म्हणतो, मराठीत गतकातरता किंवा स्मरणरंजन. पण शब्द जन्मला तो आजाराचं नाव म्हणून, आणि त्यातली ओढ गेलेल्या काळाची नव्हती, घराची होती. काळाची ओढ नंतर त्यात शिरली. का शिरली ते समजण्यासारखं आहे. घर गाडीने गाठता येतं, शाळेचा डबा येत नाही.

तर देवळाली. ब्रिटिशांनी 1861 मध्ये इथे छावणी उभी केली. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई इथे आणून ठेवायचे, पुढे मुंबईहून जहाजाने घरी पाठवायला. पण शिपायांना नेणारी जहाजं वर्षभर निघत नसत. साधारण नोव्हेंबर ते मार्च हाच त्यांचा हंगाम. ज्याची मुदत मार्चनंतर संपली, त्याने जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने देवळालीत बसायचं. काम नाही, कवायत बेताची, लढाई तर नाहीच. तुझं झालं, तू आता घरी जाणार, एवढं एकदा सांगून टाकलेलं आणि मग काहीच नाही. अशा रिकामपणात काही शिपाई दारूत बुडाले, काही भांडणात, काही तापात. काहींचं डोकं फिरलं. बराकीत त्याला नाव पडलं ‘डूलॅली टॅप’. डूलॅली म्हणजे देवळाली. आणि टॅप? आपला ताप. हिंदुस्थानीतला, मराठीतला, तोच ताप जो आमच्या मागच्या बाकावरच्या बाईंनी उलटवला होता. ‘टॅप’ पुढे गळून गेला आणि ‘गॉन डूलॅली’ उरलं. इंग्लंडात आजही एखादा चक्रमासारखा वागला की तो डूलॅली झाला म्हणतात. म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांना हे एका गावाचं नाव आहे याचा पत्ता नसतो.

देवळालीत लहानाची मोठी झालेली पोरं वर्गात असतात. हा शब्द सांगितला की आधी हसतात, मग थोडी नाराज होतात. “आमच्या गावाचं नाव वेड्याला?” त्यांची नाराजी रास्त आहे. देवळालीची हवा इतकी चांगली की तिथे हवापालटासाठी सॅनिटोरियमं बांधली गेली, मुंबईची माणसं आजही तिकडे प्रकृती सुधारायला येतात. तिथल्या हवेने कोणी वेडं होणं शक्य नाही. वेड लावलं ते वाट बघण्याने. स्विस शिपाई घरापासून लांब होता म्हणून झुरत होता. गोरा शिपाई घराच्या वाटेवर होता म्हणून झुरत होता. माझ्या मते दुसरा आजार जास्त वाईट. ज्याला परत जायचंच नाही तो मन मारून राहतो. ज्याला परत जाण्याची तारीख दिलेली असते त्याला कुठेच राहता येत नाही. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख लांबलेली मुलं मी वर्गात बघते तेव्हा मला ती छावणी दिसते.

एक गोष्ट मात्र नजरेआड करून चालणार नाही. त्या शब्दात फक्त गोऱ्या शिपायाचा ताप आहे. त्याचं सामान उचलणारा, त्याचे कपडे धुणारा, त्याला पाणी देणारा माणूसही देवळालीत होताच, आणि त्याला परतायला जहाज लागत नव्हतं. त्याच्या वाट बघण्यातून इंग्रजीत एकही शब्द गेला नाही.

पुन्हा मागे-पुढेकडे. मराठीत गेलेला काळ मागे असतो. मागच्या वर्षी, मागे एकदा, मागं राहिलं. येणारा काळ पुढे. हे इतकं अंगवळणी पडलंय की दुसरं काही असू शकतं असं वाटतच नाही. दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वतात, आयमारा भाषा बोलणारे लोक याच्या उलट करतात. त्यांच्याकडे ‘नायरा’ म्हणजे डोळा, समोर, आणि भूतकाळही. घडून गेलेलं दिसलेलं असतं म्हणून समोर, न घडलेलं दिसत नाही म्हणून पाठीमागे. बोलताना ते जुन्या गोष्टींसाठी हात पुढे करतात. हे वाचून आपण किती वेगळी माणसं आहेत हो जगात, असं म्हणणार इतक्यात माझ्या लक्षात आलं की ‘पूर्वी’ हा शब्द आपल्याकडेही आहे. पूर्व म्हणजे आधीचं, पूर्व म्हणजे उगवतीकडे तोंड केल्यावर समोरची दिशा. पश्चात म्हणजे नंतर, पश्चात म्हणजे पाठीमागे. पूर्वज म्हणजे जे समोर जन्मले. इंग्रजीचंही तेच, ‘बिफोर’ म्हणजे आधी आणि ‘बिफोर’ म्हणजे समोर. म्हणजे मागच्या वर्षी आणि पूर्वी, हे दोन्ही आपण एका दमात बोलतो आणि भूतकाळ एकाच वेळी पाठीशीही असतो आणि समोरही. दुतोंड्या मारुतीला यात काही अडचण वाटायचं कारण नाही.

पूर्वज प्रत्यक्ष समोर ठेवायची सोय रामकुंडावर आहे. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या असतात. कोणत्या घराण्याचे कोण कधी आले, कोणाच्या अस्थी घेऊन आले, सोबत कोण होतं, हे ज्याने त्याने आपल्या हाताने लिहिलेलं. लांबट, जाड, कापडी बांधणीच्या वह्या. ओळखीचं एक कुटुंब विदर्भातून आलं होतं, त्यांच्याबरोबर मी गेले. त्यांच्या आजोबांच्या भावाच्या पलीकडचं कोणाला काही ठाऊक नव्हतं. गुरुजींनी नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं, मग गाव. राहता कुठे हे नाही, मूळ गाव कुठलं. त्यांनी नागपूर सांगितलं तसे गुरुजी म्हणाले, “ते आत्ताचं. त्याच्या आधीचं?” घरातल्या म्हाताऱ्या काकूंना तालुक्यातलं एक नाव आठवलं. मग वही निघाली, पानं उलटली, शाई तपकिरी होत गेली, बाळबोध संपून मोडी लागली. एका पानावर पणजोबांची सही. मोडी त्यांच्यातल्या कोणालाच येत नव्हती, गुरुजींनी बोट ठेवून वाचून दाखवली. सोबत आणखी कोण कोण आलं होतं तेही. त्यात एक नाव असं निघालं की काकू म्हणाल्या, “अगं बाई, हिच्यावरूनच माझं नाव.”

मग गुरुजींनी वही नव्या पानावर आणली आणि पेन पुढे केलं. “आता तुमचं लिहा. सगळ्यांची नावं, लेकीसुनांचीही. आणि खाली मोबाइल नंबर टाका, पुढच्यांना शोधायला बरं.”

नातवाने विचारलं, “गुरुजी, नंबर बदलला तर?”

“बदलणारच,” गुरुजी म्हणाले, “म्हणून तर मी गाव आधी विचारतो.”